पाणचक्कीत पाहुणे

इंग्लंड-वेल्समध्ये चार दिवसांच्या सुटीसाठी घर शोधू लागले की एक जाहिरात हमखास भेटते. जुनी दगडी पाणचक्की, शेजारून वाहणारा ओढा, आत काळ्याभोर लाकडी तुळया, आणि शेवटी मोठ्या दिमाखात ‘ऑफ-ग्रिड’. म्हणजे विजेच्या कंपनीची तार नाही, नळकंपनीचे पाणी नाही, गावाच्या गटाराशी जोडणी नाही. उजेड, ऊब, पाणी जे काही मिळेल ते तिथल्या तिथे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात आणि विहिरीच्या पाण्यावर गेले, त्यांना या सुखासाठी पौंड मोजायचे म्हटले की थोडे हसू येते. तरी जागा सुंदर असतात, यात शंका नाही.

आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाने याच्याही पुढची पायरी गाठली. नवरा-बायको दोघेही नोकरीतून मोकळे व्हायच्या बेतात. श्रॉपशरमधली एक बंद पडलेली पाणचक्की विकत घ्यायची, चाक पुन्हा फिरवायचे, त्याच्या विजेवर तीन-चार खोल्या चालवायच्या आणि पाहुणे ठेवायचे, असा त्यांचा विचार. आयुष्यभराची शिल्लक त्यात जाणार. माझी नोकरी पाण्याच्या कामांत गेली, म्हणून नकाशे आणि कागद माझ्याकडे आले. हिशोब करता करता मी चक्क्यांच्या इतिहासात शिरलो आणि मला वेगळेच चित्र दिसू लागले. गेल्या हजार वर्षांत पाणचक्की कुठल्या ना कुठल्या जाळ्यात कायम अडकलेली आहे. पाण्याच्या हक्कांचे जाळे, सत्तेचे जाळे, बाजाराचे जाळे. विजेची तार तोडली म्हणून ती त्यातून सुटत नाही. चक्की घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

यंत्र तसे सोपे आहे. ओढ्यावर बांध घालून पाणी अडवायचे, काठाने पाट काढून ते चक्कीपर्यंत आणायचे, चक्कीच्या वर एक तळे करायचे, आणि झडप उघडून ते चाकावर सोडायचे. चाकाचा आडवा आस भिंतीतून आत येतो, लाकडी दातेरी चाकांच्या जोडीने ती गती उभ्या आसाला मिळते, आणि वरच्या मजल्यावरचे जाते फिरते. जाते म्हणजे आपले घरचेच, फक्त मोठे: खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधल्या भोकातून धान्य आत आणि कडेने पीठ बाहेर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने हे सगळे लिहून ठेवले आहे. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल येथे रोमनांनी एका उतारावर तब्बल १६ चाके बसवली होती, आठ-आठच्या दोन रांगांत. त्यांचे अवशेष अजून दिसतात. थेसालोनिकाचा अँटिपेटर नावाचा ग्रीक कवी तर या यंत्रावर इतका खूश झाला की दळणाऱ्या बायकांना त्याने आता उशिरापर्यंत झोपा असे सांगितले. तुमचे काम जलदेवता करत आहेत. पहाटे उठून दळण ही बायकांची पिढीजात शिक्षा होती हे त्या कवीला ठाऊक होते. आपल्याला तर ते सांगायलाच नको.

इंग्लंडात १०८६ साली राजाने देशाची मोजदाद केली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत नोंदलेल्या चक्क्या अभ्यासकांच्या मोजणीनुसार साडेपाच ते सहा हजारांच्या आसपास भरतात. इतक्या नोंदी कशासाठी? कर वसूल करण्यासाठी. चक्की ही जमीनदाराची मिळकत होती. तिचे भाडे कधी नाण्यांत, कधी धान्यात, आणि कित्येक ठिकाणी चक्क इल माशांत ठरलेले आहे. सापासारखा लांबट, पाटात आणि तळ्यात सापडणारा हा मासा. इल पुढे पुन्हा भेटणार आहे, तेव्हा त्याला लक्षात ठेवा.

मिळकत टिकवायची तर गिऱ्हाईक बांधलेले हवे. म्हणून नियम आला, की जमीनदाराच्या हद्दीत राहणाऱ्याने धान्य त्याच्याच चक्कीवर दळायचे आणि दळणाचा मोबदला म्हणून धान्याचा ठरलेला हिस्सा तिथेच सोडायचा. सोळावा हिस्सा ही त्यातली नेहमी ऐकू येणारी मोजणी. स्कॉटलंडमध्ये याच बंधनाला ‘थर्लेज’ म्हणत आणि ते मोडीत काढण्यासाठी १७९९ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. दळण करणाऱ्याबद्दल सगळ्या युरोपात लबाडीच्या गोष्टी आहेत, त्याचे मूळ इथे आहे. हिस्सा तोच मोजणार, माप त्याचेच आणि दुसरीकडे जायची सोय नाही.

आणि घरचे जाते? तोच तर अडचणीचा मुद्दा होता. ज्याच्या घरात जाते आहे त्याला चक्कीची गरज नाही. म्हणून घरच्या जात्यांवर बंदी आली. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स येथे मोठा मठ होता आणि त्याच्या मालकीच्या चक्क्या होत्या. गावकरी घरी दळत, मठ चिडत असे. १३३१ साली तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने घरोघरची जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या मठातल्या एका दालनात फरशी म्हणून बसवून टाकल्या. (हा माणूस मोठा गणिती होता. आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणारे अद्भुत घड्याळ त्याने बांधायला घेतले होते. ज्ञान आणि करुणा एकाच घरी नांदतातच असे नाही.) पुढे पन्नास वर्षे ती फरशी लोकांच्या डोळ्यांत सलत राहिली. १३८१ साली शेतकऱ्यांचे बंड झाले तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले, त्यांनी ती फरशी उखडली, दगडांचे तुकडे केले आणि प्रसादाच्या भाकरीसारखे आपापसांत वाटून घेतले. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने पाणचक्कीवरच्या १९३५ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात या घटनेकडे लक्ष वेधले. ती वाचल्यापासून कुठल्याही जुन्या चक्कीच्या अंगणात शोभेसाठी टेकवून ठेवलेली तळी पाहिली की मला ती फरशी आठवते.

खऱ्या अर्थाने ‘ऑफ-ग्रिड’ जर काही असेल तर ते घरातले जाते. त्याला पाट नको, बांध नको, कुणाची परवानगी नको. घरात धान्य आणि मनगटात बळ असले की पीठ तयार. आपल्या मुलखात ते घरोघर टिकले. सह्याद्रीचे ओढे चार महिने वेड्यासारखे धावतात आणि उरलेले आठ महिने वाळूत दडी मारतात. बारमाही पाणी नसेल तर चाक कशावर फिरणार? हिमालयात बर्फाचे पाणी आहे, म्हणून गढवालात घराट आहेत: ओढ्याच्या काठी दगडी खोपटे, खाली आडवे बसवलेले पात्यांचे चाक आणि त्याच आसावर वर जाते, मध्ये दातेरी चाकांची भानगडच नाही. गंमत म्हणजे अगदी याच जातीची छोटी चक्की स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटावर डाउनबी येथे आहे, साधारण १८२३ सालची. गढवाली आजीला तिथे नेऊन उभे केले तर तिला काही समजावून सांगावे लागणार नाही.

पण जात्याच्या स्वातंत्र्याची किंमत कुणी मोजली? आपल्या आज्यांनी. पहाटेच्या अंधारात खुंटा धरून, एका हाताने वैरण घालत, घरभराच्या भाकरीचे पीठ त्यांनी काढले. जनाबाईबरोबर दळायला प्रत्यक्ष विठ्ठल बसत असे, ही कथा त्या कष्टांतूनच जन्मली. दळताना त्यांनी ज्या ओव्या रचल्या, त्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव सहकारी जमवून लिहून घेतल्या. त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. विजेची किंवा डिझेलची गिरणी गावात आली आणि ओवी थांबली. त्याचे दुःख आपण शहरात बसून करतो. गिरणीच्या रांगेत डबा ठेवून घरी परतणाऱ्या बाईने ते केले असेल असे मला वाटत नाही. तेव्हा जाते चांगले आणि चक्की वाईट, असा सोपा निकाल मी देणार नाही. इंग्लंडात बायकांची पाठ वाचली आणि गाव जमीनदाराच्या मापाखाली गेले. आपल्याकडे माप घरचे राहिले आणि पाठ मोडली.

इंग्लंडातल्या चक्क्यांचा अंत मात्र झपाट्याने झाला. १८४६ साली परदेशी धान्यावरचे जकातीचे कायदे रद्द झाले. १८७० नंतर उत्तर अमेरिकेचा कडक गहू बोटी भरभरून येऊ लागला. त्या गव्हाला दगडापेक्षा पोलादी रूळ मानवले. हेन्री साइमन याने मँचेस्टरमध्ये १८७८ साली रुळांची पहिली पूर्ण गिरणी उभारली. मग मोठ्या गिरण्या बंदरांवर उभ्या राहिल्या, पांढरेशुभ्र पीठ रेल्वेने गावात येऊ लागले आणि ओढ्याकाठची चक्की जनावरांच्या भरड्यावर काही वर्षे तगून गप्प झाली. पाट बुजले, तळी गाळाने भरली, चाके गंजली.

जाता जाता तिने एक काम केले, ते मात्र फार थोड्यांना माहीत असते. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात गॉडलमिंग नावाचे छोटे गाव आहे. १८८१ च्या शरद ऋतूत तिथे रस्त्यांवर विजेचे दिवे लागले आणि ज्याला हवी त्याला पैसे भरून घरी वीज घेता येऊ लागली. सार्वजनिक वीजपुरवठ्याची जगातली ही पहिली सोय मानली जाते. वीज येत होती वे नदीवरच्या वेस्टब्रुक चक्कीतून, पाण्याच्या चाकावर. नदी लहरी, पूर आला की चाक अडे. म्हणून पुढे वाफेचे यंत्र जोडावे लागले, आणि १८८४ साली गाव मुकाट्याने गॅसच्या दिव्यांकडे परतले. म्हणजे आज ज्या जाळ्यापासून सुटका म्हणून आपण पाणचक्कीत राहायला जातो, त्या जाळ्याचा पहिला धागा पाणचक्कीतच कातला गेला.

रिकाम्या चक्क्यांचे काय करायचे हा प्रश्न मग विसाव्या शतकाकडे आला. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापन केलेल्या संस्थेने १९३१ मध्ये पवनचक्क्यांसाठी वेगळा विभाग काढला आणि पुढे पाणचक्क्याही त्यात आल्या. पण संस्था किती चक्क्या सांभाळणार? १९६५ साली जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्चियन यांनी ‘लँडमार्क ट्रस्ट’ सुरू केला, आणि त्यांची युक्ती फार साधी होती: पडायला आलेली वास्तू घ्यायची, नीट दुरुस्त करायची आणि सुटीसाठी भाड्याने द्यायची, भाड्यातून ती जगेल. आज त्यांच्याकडे अशा सुमारे २०० वास्तू आहेत. स्कॉटलंडच्या किंटायर भागातली टँगी मिल त्यांतलीच. १८२० च्या सुमारास बांधलेली, ओट दळणारी, धान्य वाळवण्याची भट्टी असलेली. तिथे वीज वगैरे सर्व आहे, ती ऑफ-ग्रिड नाही. तरी मी तिचा उल्लेख करतो कारण त्यांनी आतले यंत्र फेकून दिले नाही. पाहुण्यांनी जाती, धान्य ओतायची लाकडी नरसाळी आणि दातेरी चाके यांच्यामधून वाट काढत वावरायचे.

बहुतेक खासगी मालक याच्या उलट करतात. यंत्रासाठी जागा फार जाते, लाकूड कुजलेले असते, तेव्हा आतले सगळे काढून टाकायचे, जात्याच्या मजल्यावर स्वयंपाकघर करायचे आणि बाहेर गंजके चाक फोटोपुरते ठेवायचे. मग छपरावर सौर पत्रे आणि मागे डिझेलचा जनरेटर बसवून ‘ऑफ-ग्रिड पाणचक्की’ तयार. माझ्या मते ही नुसती पाण्याशेजारची कोठी झाली. चक्की ही भिंतींपेक्षा पाण्याच्या वाटेत असते. बांध, पाट, तळे, झडप, चाक आणि चाकाखालून पाणी परत ओढ्याला नेणारा चर, हे सलग असेल तर तिला चक्की म्हणावे. आमच्या मित्रांना मी पहिला सल्ला हाच दिला: घर पाहण्याआधी गमबूट घालून पाट पाहा, अगदी बांधापर्यंत. तो पाऊण मैल निघाला आणि त्यातला अर्धा दुसऱ्याच्या कुरणातून जात होता.

आता हिशोब. समजा सेकंदाला १०० लिटर पाणी मिळते आणि ते ३ मीटर खाली पडते. त्यातली पूर्ण ताकद होते २.९ किलोवॉट. वरून पाणी पडणारे चांगले चाक त्यातली साधारण ६० टक्के पकडते. (खालून पाणी लागणाऱ्या चाकापेक्षा वरून पडणारे दुपटीहून अधिक काम देते, हे जॉन स्मीटनने १७५९ साली छोटी प्रतिकृती करून मोजून दाखवले, आजच्या हिशोबालाही त्याचा प्रयोग पुरेसा जवळचा आहे.) चाक मिनिटाला आठ-दहा फेरे घेते, जनित्राला हजाराच्या वर हवेत, तेव्हा मधल्या चाकांत आणखी काही ताकद जाते. हाती उरतात जेमतेम १.३ किलोवॉट.

आमच्या मित्रांचे तोंड उतरले. इंग्रजी घरातली चहाची विजेची किटलीच ३ किलोवॉट खाते. विजेचा शॉवर नऊच्या आसपास. एवढा खटाटोप करून चहासुद्धा होणार नाही? पण चाक रात्रंदिवस फिरते हे लक्षात घ्या. १.३ ला २४ ने गुणले की दिवसाला ३१ युनिट होतात, आणि इथले साधारण घर वर्षाला २,७०० युनिट, म्हणजे दिवसाला साडेसात युनिटांवर चालते. चार घरांना पुरेल इतकी वीज आहे, फक्त ती संथ धारेने येते आणि पाहुण्याला ती लोट्याने हवी असते. म्हणून साठवण लागते. काही बॅटरीत, काही गरम पाण्यात. रात्री सगळे झोपले की आठ तासांची वीज सरळ पाण्याच्या टाकीला द्यायची. दोनशे लिटर पाणी १० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत सकाळी तयार. चुलीवर रात्रीच पाण्याचे हंडे चढवून ठेवणाऱ्या घरातून आलेल्यांना यात नवे काही नाही.

जुन्या चक्कीवाल्याला ही युक्ती पुरती ठाऊक होती. चक्कीवरचे तळे हीच त्याची बॅटरी. ओढा बारीक असला की झडप लावून रात्रभर तळे भरू द्यायचे आणि सकाळी दोन-तीन तास जोरात दळून घ्यायचे. म्हणूनच ज्यांनी तळे बुजवून तिथे गाड्या लावायला जागा केली, त्यांनी चक्कीचे पोट कापले असे मी म्हणतो.

ऋतूंचे गणित त्याहून वाकडे आहे. पाहुणे येतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेव्हा ओढ्याचे पाणी आटते. नोव्हेंबर ते मार्च चाक दुथडी पाण्यावर फिरत असते आणि खोल्या रिकाम्या. उन्हाळ्यासाठी सौर पत्रे घ्यावेच लागतात, त्यात कमीपणा मानू नये. पाहुण्यांना मात्र आधी सांगावे, की केस वाळवायचे यंत्र आणि किटली एकाच वेळी नको.

हे झाले यंत्राचे. यापुढे कागद. इंग्लंडात ओढ्यातून दिवसाला २० घनमीटरपेक्षा अधिक पाणी वळवायचे तर परवाना लागतो, मग ते पाणी तुम्ही थेंबभरही न वापरता पुन्हा ओढ्यात सोडा. आपल्या उदाहरणातल्या चाकावरून २० घनमीटर पाणी ३ मिनिटे २० सेकंदांत निघून जाते. म्हणजे परवान्यावाचून चाक चहा उकळेपर्यंतच फिरवता येईल! परवान्यात अट असते, की ओढ्यात अमुक इतके पाणी राहिलेच पाहिजे. त्याखाली गेले की झडप बंद. त्याशिवाय माशांची वाट. २००९ सालच्या नियमांप्रमाणे इल माशाला वर-खाली जाता यावे म्हणून बांधावर वाट आणि पाटाच्या तोंडाशी जाळी बसवायला लावू शकतात. युरोपातला इल इतका घटला आहे की २००८ पासून अत्यंत धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. १०८६ मध्ये ज्या माशाने चक्कीचे भाडे भरले, त्याचे देणे आता चक्की फेडते आहे. मला यात अन्याय दिसत नाही. वटवाघळे आढळली तर त्यांनाही संरक्षण आहे, वास्तू वारसायादीत असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी हवी, आणि पाहुण्यांना विहिरीचे पाणी द्यायचे तर त्याची नियमित तपासणी करून घ्यावी लागते.

आमच्या मित्रांना हे सारे ऐकून घाबरायला झाले. मी त्यांना खानदेश-नाशिककडच्या फड पद्धतीची आठवण दिली, कारण त्यांचे आजोळ साक्रीकडचे. पांझरा आणि मोसम या नद्यांवर छोटे बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि प्रत्येक शेताची पाण्याची पाळी ठरलेली. ती सांभाळायला गावाने नेमलेले पाटकरी. काही शतके हे चालत आले. पाटावर शेत असणे म्हणजे वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याशी कायमचे बोलणे असणे, हे त्या मुलखात कुणाला शिकवावे लागत नाही. श्रॉपशरचा तो ओढाही तसाच आहे. वरच्या कुरणाचा मालक वृद्ध शेतकरी. पाट साफ करायला त्याच्या हद्दीतून जायचे, त्याच्या मेंढ्यांसाठी पाणी सोडायचे. पहिल्या भेटीला काय न्यावे, असे वहिनींनी विचारले. मी म्हटले, शंकरपाळे न्या.

आता औरंगाबादची पाणचक्की, जिच्याशिवाय हा विषय मराठी माणसाने लिहिणे शोभणार नाही. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, पण शाळेच्या सहलीत आपण पाहिली ती हीच. खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्यापाशी. या शहराला पाणी-विद्या नवी नव्हती. १६१० साली खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालून नहरी आणल्या होत्या. त्याच परंपरेत, हर्सूलकडच्या डोंगरांच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणून, उंच दगडी भिंतीवर चढवून, तिथून ते हौदात धबधब्यासारखे सोडले आहे. चक्कीसाठी १७४४ हे साल सर्वसाधारणपणे सांगतात. हौदाचे पाणी खालच्या दालनाच्या छपरावर तोलून धरले आहे, त्यामुळे मे महिन्यातही ते दालन गार असते. चक्की होती बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याची. हा संत बुखाऱ्याकडून आलेला, नावातच मुसाफिर. दर्ग्याच्या आवारात विद्यार्थी शिकत, यात्रेकरू आणि फकीर उतरत, आणि त्या सर्वांच्या भाकरीचे पीठ या चक्कीवर निघे.

म्हणजे पाणचक्की आणि पाहुण्यांचे बिछाने एकाच आवारात, बाहेरच्या कशावर न विसंबता, हा प्रयोग आपल्या मराठवाड्यात पावणेतीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. फरक इतकाच, की सेंट ऑल्बन्सच्या मठाने चक्की दळायला येणाऱ्याकडून घेण्यासाठी ठेवली आणि या दर्ग्याने उतरायला येणाऱ्याला देण्यासाठी. ‘मठाच्या मालकीची चक्की’ एवढेच वाचून कुठल्याही काळाबद्दल मत बनवू नये, हे मी यातून शिकलो.

आमच्या मित्रांचा सौदा अजून व्हायचा आहे. परवान्याचा अर्ज गेला आहे, आणि परवाना मिळाला तरच खरेदी, अशी अट त्यांनी वकिलाकडून घालून घेतली, ते उत्तम केले. आतले यंत्र काढायचे नाही, असेही ठरवले आहे. जात्याच्या मजल्यावर दोन खोल्या कमी निघतील.

ज्यांना चक्की विकत न घेता पाहायची आहे त्यांच्यासाठी: इथे दरवर्षी मे महिन्यात ‘नॅशनल मिल्स वीकएंड’ असतो आणि एरवी बंद असणाऱ्या अनेक चक्क्या त्या दोन दिवशी उघडतात. मुलांना घेऊन जा. चाक फिरताना तर दाखवाच, पण चालकाला तळीला टाकी कशी लावतात ते विचारा. वरची तळी उचलून उलटी करतात आणि पोलादी टोच्याने तिच्यावरच्या चऱ्या एकेक करून पुन्हा खोल करतात. आपल्याकडे ‘टाकीऽऽ लावायचीय टाकीऽऽ’ अशी हाक देत दारावरून जाणारी बाई ज्यांना आठवते, त्यांनी ती हाक मुलांना तिथेच, त्या दगडापाशी उभे राहून ऐकवावी.